दाजी, मीठ कधी लावायचं?

दाजी, परवा तुमच्या जाळीवर मटण भाजलं. भाजणारा मी होतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला सावकाश ऐकता येईल.

तुम्ही असताना मला कधी चिमटा हातात मिळाला नाही. "पाव्हणं, तुमी बोला, मी भाजतो," ही आपली कामाची वाटणी. उन्हाळा लागला की मी जळोचीहून कळसला आक्काच्या घरी यायचो आणि लिंबाखालच्या खाटेवर बसायचो. तुम्ही अर्ध्या कापलेल्या टिपाडापुढं पाट टाकायचात. टिपाडावर इंदापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली गजांची जाळी. मी नवीन काही वाचलेलं असायचं ते सांगायचो, तुम्ही ते खोडून काढायचात, आणि मधेच कधीतरी मटण तयार व्हायचं. बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा यांनी वर्षानुवर्षं बोलत राहायचं तर आपल्याकडं काहीतरी भांडण लागतं. काहींना बांध पुरतो. आपल्याला मीठ पुरलं.

तुमचं म्हणणं, मीठ भाजून झाल्यावर. आधी लावलं की मटणाला पाणी सुटतं, आणि पाणी सुटलेलं मटण भाजत नाही, उकडतं. माझं म्हणणं, मीठ सकाळीच चोळून ठेवावं. पाणी सुटतं हे खरं, पण थांबलं की तेच पाणी मिठासकट आत जातं आणि चव हाडापर्यंत पोचते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, हा त्या मुद्द्याचा मोठा दोष. "पुस्तक भाजलंय का कधी?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचो, आमच्या वाचनालयाला वाळवी लागली होती तेव्हा तीही वेळ आली होती.

मग बरगडीची पहिली चाप तुम्ही ताटलीत ठेवायचात, हात डोक्याच्या वर न्यायचात आणि वधूवरांवर अक्षता टाकाव्यात तसं चिमटीतलं मीठ सोडायचात. मी खायचो. आणि दाजी, दर वेळी चव हाडापर्यंत असायची. माझा मुद्दा माझ्याच तोंडात विरघळायचा. वर तुम्ही सांगायचात, "चांगल्या बोकडाला सोताचं मीठ असतं, पाव्हणं."

तुमची दशक्रिया नरसिंहपूरला संगमावर झाली. मांडव, खुर्च्या, माइक, सगळं होतं. विकासनं तुमचा मोठा फ्लेक्स लावला होता. मुलगाच तो, त्याला दुसरा फोटो सापडला नाही. गावच्या सहकारी सोसायटीच्या निवडणुकीतला हात जोडलेला होता तो घेतला. त्यामुळं तुम्ही निरोप घेताय की मतं मागताय ते नीट कळत नव्हतं. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची नावं तुमच्या नावापेक्षा ठळक होती. तुम्ही असता तर त्यांना मसाल्याबद्दलचं तुमचं मत ऐकवलं असतंत. लालभडक, जाड मसाला चोपडलेलं मटण कुणी आणलं की तुम्ही ते दोन बोटांनी उलटं करायचात. "माल ताजा नसला की मसाला मोठा लागतो."

एक पुढारी उशिरा आले. आधी दुसरीकडं एका दशक्रियेला बोलून आले होते, आणि तिथला माणूस बहुधा त्यांच्या डोक्यातून अजून उतरला नव्हता. माइक हातात घेऊन म्हणाले, दत्तोबांनी तरुणपणी गळ्यात माळ घातली आणि जन्मात कधी अभक्ष्याला हात लावला नाही. भावकी वाळूकडं बघायला लागली. पुढच्या रांगेत तुमच्या हातची चाप न खाल्लेला एकही माणूस नव्हता, बोलणारे स्वतः धरून. आक्काचे खांदे हलायला लागले. बायकांनी तिला धरलं, पाणी दिलं. मी जवळ गेलो तर पदराआड ती हसत होती. मग खरंच रडायला लागली. एकातून दुसरं कुठं सुरू झालं ते मला दिसलं नाही.

तेव्हा मला ते उजनीच्या काठचं जेवण आठवलं. आपल्या सोसायटीच्या चेअरमननी पाण्यालगत फार्महाऊस बांधलं आणि 'समर बार्बेक्यू'ची आमंत्रणं छापली. त्यांच्याच पॅनेलनं तुम्हाला निवडणुकीत पाडलं होतं, म्हणून तुम्ही आवर्जून गेलात आणि साक्षीला मला नेलंत. चेअरमननी अंगात एप्रन घातला होता आणि डोक्यावर उंच पांढरी टोपी. डोक्याला न शोभणारी एवढी उंची मी तोवर फक्त सत्काराच्या फेट्यांत बघितली होती. शेगडी परदेशी, तिच्या झाकणात घड्याळासारखा काटा. कोळसा पेटेना म्हणून बाटलीतून कसलंसं तेल ओतलं, आणि ज्वाळा कमरेला लागत असतानाच मटण मांडलं. फोटो काढून होईपर्यंत ते बाहेरून कोळसा झालं होतं आणि आतून अजून बोकड होतं. चवीला रॉकेल.

चेअरमननी तुम्हाला विचारलं, आमचं मशीन कसं वाटलं. तुम्ही झाकणावरून प्रेमानं हात फिरवलात.

"झाकण झ्याक हाय, सायेब. आत काय चाललंय ते भायेर कळतच न्हाय. आपल्या सोसायटीलाच बसवलं असंल असं वाटलं."

सगळे हसले. चेअरमनही हसले, कारण फोटो चालू होते.

परत येताना मोटारसायकलवर तुम्ही वाऱ्यात ओरडून मला सगळं समजावलंत. ज्वाळेवर भाजायचं नसतं, ज्वाळा मेल्यावर भाजायचं असतं. निखाऱ्यावर राखेची साय धरली की मग मटणाला बोलवायचं. त्याआधी ते फडक्यानं टिपून कोरडं करायचं, थंडगार असलं तर थोडा वेळ सावलीत बसू द्यायचं. टिपाडात निखाऱ्यांचे दोन भाग करायचे, एकीकडं ढीग, एकीकडं विरळ. ढिगाची बाजू थोरली जाऊ, विरळ बाजू धाकटी जाऊ. "आधी थोरलीपाशी तोंड भाजून घ्यायचं, मंग धाकटीपाशी निवांत शिजायचं. घरात बी तसंच असतंय." चरबी गळून जाळ उठला तर पाणी मारायचं नाही, राख उडते, आपण मटण घेऊन बाजूला व्हायचं. सारखं उलटंपालटं करायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. जाळीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, ते झालं की आपोआप सोडतं. आणि उतरवल्यावर लगेच तुटून पडायचं नाही. परातीत काढून वर पातेलं उपडं घालायचं आणि पंगतीला पाणी वाटून होईपर्यंत विसरून जायचं, म्हणजे रस ताटात न सांडता मटणातच राहतो.

हे सगळं बरोबर होतं, हे आज मान्य करतो. कोंबडीचं मात्र तुमचं काही खरं नव्हतं. ती तुम्ही बोकडाच्याच तालात भाजायचात, आणि हाडापाशी लाल राहिली की म्हणायचात, "गावरान हाय, तिचा रंगच तसा." मी ती मुकाट्यानं रश्श्यात बुडवून परत शिजवून घ्यायचो. तुम्ही दुसरीकडं बघायचात.

तुमच्या डाळिंबाची बाग मर रोगानं गेली, तेव्हा मी येऊन काय बोलावं याची तयारी करत होतो. तुम्ही झाडं उपटून लाकडं गोठ्यामागं रचून ठेवली होती. ढिगाकडं बोट दाखवून म्हणालात, "ह्या बागेनं जेवाया घातलं न्हाय, पर जेवान शिजवंल." त्यानंतर तुम्ही दुसरं लाकूड वापरलं नाही. वाळलेलं डाळिंब लवकर पेटत नाही, पण एकदा निखारा धरला की संध्याकाळभर सोडत नाही. त्या ढिगातलं लाकूड अजून बरंच शिल्लक आहे, दाजी. ते बघणं मला फोटो बघण्यापेक्षा जड जातं.

आणखी एक गोष्ट कधी बोलायची राहिली. माझी बायको गेली, तेव्हा लोक येत होते, बसत होते, जगाची रीतच अशी म्हणून चहा पिऊन जात होते. मी सगळ्यांना मान हलवून उत्तर देत होतो. तुम्ही आलात, भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, "पाव्हणं, तुमचं ते मिठाचं म्हननं मी इचार करून बघितलं. साफ चूक हाय." मी उसळलो. मीठ, पाणी, हाड, सगळं नव्यानं मांडलं. मधेच कळलं की माझा आवाज ओट्यापर्यंत जातोय. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी मोठ्यानं बोललं होतं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि "तरी बी चूकच" म्हणून शेवटच्या एसटीला गेलात. तुम्ही त्या दिवशी काय केलंत हे मला समजलं होतं. आभार मानले असते तर तुम्ही ऐन रंगात आलेला वाद सोडून दिला असतात, म्हणून मानले नाहीत.

आता परवाचं.

तेरावं गोडाचं झालं. त्यानंतर आपल्याकडं रीत अशी की घरातलं पहिलं तिखटाचं जेवण बाईच्या माहेरानं घालायचं, आणि पहिला घास तिनं घ्यायचा. तिनं घेतला की घराचा दुखवटा उतरला. तोवर भावकीतही कुणी मटण शिजवत नाही. माहेर म्हणून आता मीच उरलोय. आणि आक्का म्हणाली, "बापू, तू ये, जेव, जा. मला आता ते नगं." माळ घालणार म्हणाली. विकासला सांगितलं, टिपाड भंगारवाल्याला देऊन टाक.

भावकीला तुमच्या जाण्याचं दुःख होतं, दाजी, त्यात खोट नाही. पण गावची जत्रा आठवड्यावर आली होती. रोज कुणीतरी येऊन आक्काला धीर देऊन जायचं. एवढा धीर मी आजवर कुणाला मिळालेला बघितला नाही. "वहिनी, मन घट्ट करा," म्हणायचे, आणि निघताना टिपाडाकडं बघायचे.

मला जत्रेचं काही नव्हतं. मला भीती होती ती वेगळी. आक्का एकदा नको म्हणाली की नकोच. टिपाड गेलं असतं, खाट उचलली असती, आणि मग ती त्या ओट्यावर एकटी बसून राहिली असती. तुमच्यामागं तिनं पहिल्यांदा जी गोष्ट सोडली असती, तिच्यामागून बाकीच्याही एकेक सुटल्या असत्या. म्हणून मी ठरवलं, तिनं माळ घालायच्या आत भाजायचं. आणि असं भाजायचं की वास तिच्यापर्यंत तुमचाच यावा.

सकाळीच इंदापुरातून चापा घेऊन आलो. आक्काच्या स्वयंपाकघरात देव असतात, तिथं मटण जात नाही. म्हणून तुम्ही पडवीत ठेवलेल्या त्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तिथंच कोनाड्यात मिठाची बरणी. मी ती उघडली. एवढी वर्षं जे बोलत आलो ते करून बघायला आता कुणाचीच आडकाठी नव्हती. दाणे बोटांना लागलेही. मग वाटलं, आजच्या दिवशी तरी या माणसाचं ऐकावं. गेलेल्या माणसावर मुद्दा सिद्ध करण्यात कसला पुरुषार्थ. मी बोटं झटकली, बरणी बंद केली. मीठ भाजून झाल्यावर.

ऊन कलल्यावर विकासनं डाळिंबाची लाकडं पेटवली. भावकीतले काही जण बांधावर सहज म्हणून येऊन बसले. आक्का ओट्यावर, आमच्याकडं अर्धी पाठ करून, गहू निवडत. जाळ उठला, बसला, निखाऱ्यावर राख धरायला लागली. मी थोरली आणि धाकटी अशा दोन जावा वेगळ्या केल्या.

मग हात धरायची वेळ आली. आगीचा अंदाज घ्यायला तुम्ही जाळीवर तळहात धरायचात आणि सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्यांची नावं घ्यायचात, क्रमानं, सगळ्यात शेवटी स्वतःचं. मधेच चटका बसला तर आग अजून कडक आहे. स्वतःच्या नावापाशी हात निघाला तर आग बरोबर. स्वतःचं नाव घेऊनही हात तसाच राहिला तर लाकूड घाला. मी हात धरला. "सोपानराव," म्हणालो. "ज्ञानदेव आबा. किसनतात्या." पुढचं आठवेना. बांधावरून कुणीतरी सांगितलं, "भिकाजीराव ऱ्हायले." भिकाजीराव घेतले. मग तुमचं नाव आलं. "दत्तोबा."

आग बरोबर होती. हात काढायला हवा होता. विकासनं मनगट धरून तो मागं घेतला.

चापा मांडल्या. थोरलीपाशी तोंड भाजलं, धाकटीपाशी सरकवल्या. जाळ उठला तेव्हा पाणी मारलं नाही. दाबलं नाही, ओढलं नाही. परातीत काढून वर पातेलं घातलं. मग पहिली चाप ताटलीत ठेवली, ओट्यापाशी गेलो, आणि हात तुमच्याइतका वर नेऊन मीठ सोडलं. मला ते करताना लाज वाटली, पण केलं.

आक्कानं ताटलीकडं बघितलं, मग टिपाडाकडं. वास तुमचा होता, तेवढं मला साधलं होतं. तिनं गव्हाचं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसला आणि एक घास तोडला. बांधावरच्यांनी माना उंचावल्या. ती चावत राहिली. तिच्या कपाळावर आठी आली.

"बापू, ह्याला मीठ लावलं न्हाईस?"

"आत्ताच घातलं की, तुझ्यासमोर."

"वरनं हाय. आत न्हाय. सकाळी लावलं न्हाईस?"

मी म्हणालो, दाजी भाजून झाल्यावर घालायचे, म्हणून आज त्यांची पद्धत धरली.

ती पुरती माझ्याकडं वळली. "त्यांची कसली पद्धत," म्हणाली. "सकाळी मीठ मी लावत हुते."

मग तिनं सांगितलं ते असं. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा तिला भाजून घातलंत ते आतून अळणी होतं. तिनं तसं म्हटल्यावर तुम्ही दोन दिवस फुगून बसलात. पुढच्या वेळी मटण आलं, तेव्हा तिनं बोलायच्या ऐवजी गुपचूप मीठ चोळून ठेवलं. तुम्ही खाल्लंत, खूश झालात, बोकडाची तारीफ केलीत. तेव्हापासून दर वेळी मटण तिच्या हाताखालून गेल्याशिवाय तुमच्या जाळीवर आलं नाही. "आज तू आणलंस," ती म्हणाली. "म्हटलं बापूच लावंल. जल्मभर त्याचं तेच म्हननं. म्हून मी हात लावला न्हाय."

आयुष्यात एकदाच तुमचं ऐकलं, दाजी, आणि नेमकं त्याच दिवशी मटण अळणी झालं.

मी विचारलं, दाजींना हे ठाऊक होतं का.

"त्यांनी कधी इचारलं न्हाय," आक्का म्हणाली. "मी कधी सांगितलं न्हाय." आणि तिचे खांदे हलायला लागले, संगमावर हलले होते तसे. या वेळी मी पाणी आणायला उठलो नाही. हसून झाल्यावर तिनं ती चाप हाडापर्यंत खाल्ली, अळणी होती तरी. मग म्हणाली, "दुसरी दे. मीठ मी घालते. आन् ते टिपाड कुनाला देऊ नगंस, इकास."

थोड्या वेळानं बांध रिकामा झाला. आणखी थोड्या वेळानं पलीकडच्या दोन घरांतून वाटणाचा वास यायला लागला. भावकीचा दुखवटा उतरला.

निघताना आक्का मोटारसायकलपर्यंत आली. "जत्रंला सकाळीच ये," म्हणाली. "आन् मटण मला न दाखवता फ्रिजात ठेवू नगं."

तर वाद मी जिंकलो. निकाल लागायला उशीर झाला, आणि ज्याला तो ऐकवायचा तो माणूस हजर नाही, पण आपल्याकडच्या कोर्टांतही असंच होतं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, तरी बी चूकच. ते ऐकायला मी आणखी बरंच काही हरायला तयार आहे.

एक गोष्ट मात्र परवापासून डोक्यातून जात नाही. ताटलीवर मी हात वर नेऊन मीठ सोडलं, तेव्हा ऊन तिरपं होतं, आणि खाली येताना दाणे चमकले. मला ते नवीन वाटलं. तुम्हीही त्याच वेळी, त्याच जागी, त्याच उन्हात मीठ सोडायचात. आक्काचं मीठ आत, तुमचं वरून, तरी चाप कधी खारट लागली नाही. एवढी वर्षं मी तुमच्या हाताची उंची बघत बसलो आणि मनात हसत आलो. तुमच्या चिमटीतून काही चमकत खाली आलेलं, दाजी, मला एकदाही आठवत नाही.